मुंबई-नागपूर रेल्वेप्रवासात काळाराम मंदिर आणि येवल्याची मुक्तिभूमी: एका दिवसात कसं बसवायचं

मुंबईहून नागपूरला दीक्षाभूमीला जाणारी आणि तिकडून दादरला चैत्यभूमीला येणारी आपली माणसं हजारोंनी एकाच रेल्वे लाईनवरून जातात, आणि मधली नाशिकरोड, मनमाड ही स्टेशनं झोपेत नाहीतर चहा-वड्यात निघून जातात. मी नाशिकचा आहे म्हणून मला हे जरा जास्तच लागतं. कारण दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तो इथं, पंचवटीत. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी ज्या परिषदेत जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला आलो ते माझ्या हातात नव्हतं पण हिंदू म्हणून मरणार नाही, ती परिषद झाली येवल्याला, म्हणजे मनमाडपासून जेमतेम तीसेक किलोमीटर, तीच जागा आता मुक्तिभूमी. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला बौद्ध धम्माची जी दीक्षा झाली त्याची सुरुवात इथं आहे, मधे एकवीस वर्षं गेली. दोन टोकं बघायची आणि सुरुवात झाली ती जागाच सोडून द्यायची, हे काही पटत नाही. आणि एक दिवस हातात असेल तर दोन्ही आरामात होतं, फक्त आखणी नीट पाहिजे, म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो. नाशिकरोड ते मनमाड हा तुकडा रेल्वेने करूच नका. रेल्वेने ते साधारण ७३ किमी आहे, सव्वा-दीड तासात होतं, पण त्यात येवला लागत नाही. त्यापेक्षा नाशिकरोडला उतरा, पंचवटीत काळाराम करा, तिथून निफाड-विंचूरमार्गे एसटीने येवला, आणि येवल्याहून मनमाड, मग मनमाडला पुढची गाडी. म्हणजे उलटं कुठंच फिरावं लागत नाही, आलेल्या रस्त्याने परत जायचं नाही, आणि जागा पण घडल्या त्याच क्रमाने बघून होतात, आधी १९३०, मग १९३५. नागपूरकडून येत असाल तर हेच उलटं, मनमाड, येवला, नाशिक, मग नाशिकरोडहून दादर. पण जमत असेल तर मुंबईकडून सुरुवात करा, काळाराम बघून येवल्याला गेलं की येवल्याला असं का बोलावं लागलं ते आपोआप कळतं.

तिकीट कसं काढायचं

इथं बरेच जण गोंधळतात. मुंबई-नागपूर असं एकच तिकीट काढून मधे उतरता येईल का, असं विचारतात. रेल्वेचा ब्रेक जर्नीचा नियम आहे, ५०० किमीपेक्षा लांबच्या तिकिटावर मधे उतरता येतं, पण पहिला ब्रेक सुरुवातीच्या स्टेशनपासून ५०० किमी झाल्याशिवाय घेता येत नाही. मुंबईहून नाशिकरोड १८८ किमी आणि मनमाड २६१, म्हणजे मुंबईकडून जाताना दोन्हीकडे ब्रेक मिळत नाही. नागपूरकडून येताना मनमाडपर्यंत पावणेसहाशे किमीच्या आसपास होतात, त्यामुळे तिकडून नियमात बसतं, जास्तीत जास्त दोन दिवस थांबता येतं, उतरल्यावर तिकिटावर स्टेशन मास्तरकडून नोंद करून घ्यायची. पण राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला हे चालत नाही, आणि पुढच्या गाडीत तुमचा बर्थ काही राखून ठेवलेला नसतो. शिवाय तुम्हाला पुढं चढायचंय नाशिकरोडहून आणि तिकीट तुटलंय मनमाडला, मग परत तीच कटकट.

म्हणून सरळ दोन वेगळी तिकिटं काढा. मुंबई ते नाशिकरोड एक, मनमाड ते नागपूर दुसरं. पैसे थोडे जास्त जातात कारण लांबच्या तिकिटाला किलोमीटरमागे दर कमी पडतो, पण डोक्याला ताप नाही. आणि एक चूक अजिबात करू नका, मुंबई-नागपूर तिकीट काढायचं, नाशिकरोडला उतरायचं आणि त्याच तिकिटावर संध्याकाळी मनमाडला दुसऱ्या गाडीत चढायचं, असं काही जण करतात. तसं चालत नाही, टीसीने धरलं तर दंड भरावा लागेल.

गाड्यांचं म्हणाल तर सकाळी लवकर सीएसएमटीहून सुटणारी तपोवन एक्स्प्रेस या प्लॅनला बरी पडते, सकाळच्याच वेळेत नाशिकरोडला सोडते. त्यात सीट नाही मिळाली तर आदल्या रात्री येऊन नाशिकला मुक्काम करा, खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसांबरोबर असाल तर तेच करा. मनमाडहून नागपूरसाठी सेवाग्राम आणि विदर्भ या दोन्ही गाड्या थांबतात, सेवाग्राम संध्याकाळी येते, विदर्भ रात्री उशिरा. दिवसभराची धावपळ बघता विदर्भ जास्त सोयीची, कारण सेवाग्राम पकडायची म्हटलं की येवल्याला सारखं घड्याळाकडं लक्ष राहतं. वेळा बदलत राहतात त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी रेल्वेच्या अॅपवर एकदा बघून घ्या. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं. नाशिकरोडपर्यंत जनरलने येणार असाल तर रेलवन अॅपवरून मोबाईलवरच तिकीट निघतं, खिडकीच्या रांगेत उभं राहायला नको.

पुण्याकडच्या लोकांना वेगळा रस्ता आहे. दौंड-मनमाड लाईनवर येवला हे स्वतःच स्टेशन आहे, फक्त सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तेव्हा थांबा बघूनच तिकीट काढा. नाहीतर कोपरगावला उतरा, तिथून येवला जवळच आहे आणि हायवेवर एसटी सारख्या असतात. मराठवाड्यातून येणाऱ्यांना नगरसूल स्टेशन येवला तालुक्यातच पडतं, पण सामान जास्त असेल तर मनमाडला उतरलेलं बरं, तिथून गाड्या जास्त मिळतात.

नाशिकरोडला उतरल्यावर

बाहेरगावच्या माणसाला वाटतं स्टेशनला उतरलो म्हणजे नाशिकला पोचलो. तसं नाही, नाशिकरोड ते पंचवटी नऊ-दहा किमी आहे, ट्रॅफिक धरून अर्धा-पाऊण तास लागतो. स्टेशनच्या बाहेर आलं की सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बस मिळतात, निमाणी किंवा पंचवटीकडं जाणारी बघा. शेअर रिक्षा शालिमारपर्यंत जातात, द्वारकावरून, पण तिथून परत दुसरी करावी लागते. चार माणसं असाल तर सरळ स्पेशल रिक्षा ठरवा, बसायच्या आधी भाडं बोलून घ्या.

सामान हा खरा प्रश्न आहे. तुम्ही नाशिकरोडला परत येणारच नाही त्यामुळे तिथल्या क्लोकरूमचा उपयोग नाही, बॅग तुमच्याबरोबर येवल्याला येणार. तेव्हा एक पाठीवरची बॅग, बस. नागपूरकडून येणाऱ्यांचंही तेच. दोन-दोन सुटकेस घेऊन पंचवटीच्या गल्ल्यांतून आणि एसटीच्या गर्दीतून फिरणं म्हणजे दिवसाचं वाटोळं.

काळाराम मंदिर बाहेरून बघतानाच थोडं थांबा. सगळं काळ्या दगडाचं काम आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं. भोवती उंच तट आणि त्याला दरवाजे. सरळ आत जाऊन दर्शन घेऊन बाहेर पडू नका. आधी तटाच्या बाहेरून पूर्ण एक फेरी मारा, दहा मिनिटं लागतात. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मोठा मोर्चा इथं आला तेव्हा सगळी दारं लावून घेतलेली होती. मोर्चा मग गोदावरीच्या घाटाकडं गेला, तिथं सभा झाली, रात्री ठरलं की शांततेने दारांवर बसायचं, आणि ३ मार्चपासून चारही दरवाजांवर तुकड्या बसल्या, बायकासुद्धा. गांधीजींची दांडीयात्रा निघाली १२ मार्चला, म्हणजे हा सत्याग्रह त्याच्याही आधी सुरू झालेला, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपायचा. पुढं रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. एवढं होऊनही सत्याग्रह थांबत-चालत पाचेक वर्षं टिकला, आणि तो टिकवणारा माणूस म्हणजे दादासाहेब गायकवाड, आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. बाबासाहेब मुंबईला, लंडनला गोलमेज परिषदेला, आणि इथं रोजची माणसं गोळा करणं, केसेस, जेल, पैशाची जुळवाजुळव हे सगळं दादासाहेबांनी ओढलं. त्यांचं नाव न घेता नाशिकहून कुणी पुढं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

फेरी झाली की मंदिरापासून रामकुंडाकडं चालत उतरा. गल्ल्यांतून दहा मिनिटांचा रस्ता आहे, पूजेच्या साहित्याची दुकानं, पितळी भांडी, जुने वाडे. दारं बंद मिळाल्यावर हजारो माणसं इथूनच नदीकडं गेली असतील हे डोक्यात ठेवून चाला, वेगळंच वाटतं. बरोबर मुलं असतील तर त्यांना इथंच सांगा, घरी सांगितलेलं लक्षात राहत नाही, इथं सांगितलेलं राहतं.

मंदिरात आत जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या घरातच दोन मतं आहेत. आत्या म्हणते मी आत जाणार, आमच्या आज्याला जाऊ दिलं नव्हतं म्हणून जाणार. काका तटाबाहेरच थांबतात, म्हणतात बाबासाहेबांनी सांगितलं सोडा तर सोडलं. मला दोघांचंही बरोबर वाटतं. आत गेलात तर चप्पल स्टँडवर ठेवा, गाभाऱ्याकडं फोटो काढू नका, शांतपणे बघून या. आत-बाहेर मिळून तास-दीड तास धरा. सिंहस्थ २०२७ चा आहे, त्यामुळे पंचवटी-रामकुंड भागात कामं आणि गर्दी दोन्ही वाढलेली असणार, थोडा जास्तीचा वेळ हाताशी ठेवा.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल, म्हणजे नाशिकला मुक्काम करणार असाल, तर त्रिरश्मी लेणी करा, लोक पांडवलेणी म्हणतात ती. मुंबई-आग्रा हायवेवर आहेत, चोवीस बौद्ध लेणी, सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख आहेत, पायथ्याशी फाळके स्मारकाच्या शेजारी बुद्धविहार आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर चढा. पण एकाच दिवसात काळाराम, लेणी आणि येवला तिन्ही कोंबू नका, मग येवल्याला अंधारात पोचाल.

नाशिक ते येवला

सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवरून, येवला, वैजापूर किंवा छत्रपती संभाजीनगरची पाटी असलेली एसटी बघा, निफाड-विंचूरमार्गे जाते का ते कंडक्टरला विचारूनच चढा. अंतर ऐंशी किमीच्या पुढं, दोन-अडीच तास. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, त्यासाठी आधार कार्ड जवळ पाहिजे, मोबाईलमधला फोटो दाखवून वाद घालत बसू नका.

रस्ता छान आहे, निफाडपर्यंत दोन्हीकडं द्राक्षबागा. विंचूरला मात्र कांद्याच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, लासलगावच्या बाजार समितीचं उपबाजार आवार तिथं आहे, ट्रॉलीवर ट्रॉली, आणि एसटी त्यात अडकली की अर्धा तास कुठं गेला कळत नाही. म्हणून मी म्हणतो नाशिकहून बारा-साडेबारापर्यंत निघा. जेवण येवल्याला पोचून करायचं ठरवू नका, नाशिकलाच थोडं खाऊन घ्या.

येवल्यात

स्टँडला उतरून रिक्षावाल्याला नुसतं मुक्तिभूमी म्हटलं की पुरे. "जय भीम दादा, मुक्तिभूमीला सोडता का" असं विचारलं की अर्ध्या वेळा समोरून पण जय भीम येतो आणि मग तो स्वतःच सगळं सांगत बसतो. एरवीच्या दिवशी तिथं एकदम शांतता असते. स्तूपाच्या आकाराची इमारत, आत बुद्धमूर्ती, आवारात बाबासाहेबांचा पुतळा. देखभाल बार्टीकडं, म्हणजे सरकारच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडं आहे.

आत जाताना चप्पल बाहेर, फोन सायलेंटवर. मेणबत्ती लावायची तर ठरवलेल्या जागीच लावा, फरशीवर मेण सांडून ठेवू नका, ते खरवडून काढताना तिथल्या माणसांचे हाल होतात. हार-फुलांऐवजी वह्या-पेन न्या, चैत्यभूमीला एक वही एक पेन चालतं तसंच, फक्त तिथं कोण आहे, कुणाकडं द्यायच्या ते आधी विचारा. त्रिसरण-पंचशील म्हणायचं असेल तर सगळे मिळून हळू आवाजात म्हणा. पांढरे कपडे घातलेच पाहिजेत असं काही नाही, पण बरेच जण घालतात. आणि सेल्फीचं काय ते पाच मिनिटांत उरकून फोन खिशात टाका.

मग बसा. मी तरी लोकांना सांगतो की कमीत कमी अर्धा तास नुसतं बसा आणि त्या दिवशी इथं काय झालं ते मनात आणा. चरित्रांमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं होती असं आहे, दलित वर्गाची परिषद, बाबासाहेब तासाभराहून जास्त बोलले, आणि मराठीत बोलले. काळारामचा हिशोब मांडला, पाच वर्षं दारात बसलो, मार खाल्ला, जेलमध्ये गेलो, हाती काय आलं. आदल्या वर्षीच, १९३४ ला, त्यांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितलं होतं. येवल्याला सांगून टाकलं की आता मंदिराच्या दारात शक्ती घालवायची नाही. ज्या माणसांनी पाच वर्षं दारात काढली त्याच माणसांसमोर उभं राहून हे सांगायला केवढी हिंमत लागली असेल, आणि ऐकणाऱ्यांनी ते मानलं, याचं मला फार मोल वाटतं. भाषण इंटरनेटवर मिळतं, येताना डाऊनलोड करून आणा आणि तिथं बसून एकाने वाचा, बाकीच्यांनी ऐका. गाईड मिळाला नाही तरी अडत नाही मग.

येवल्यात अजून वेळ उरला तर तात्या टोपेंचं हे जन्मगाव, आणि पैठणीचे माग गल्लोगल्ली आहेत, कुणाच्याही दारातून खटखट ऐकू येतं. विचारलं तर विणकर माग दाखवतात, साडी घ्यायलाच पाहिजे असं काही नसतं. संक्रांतीच्या दिवसांत जाणार असाल तर येवल्याची पतंगबाजी तीन दिवस चालते, मजा असते पण टू-व्हीलरवर असाल तर मांजापासून गळा सांभाळा.

येवला ते मनमाड, आणि तिथला वेळ

येवल्याहून मनमाडला एसटी आणि जीप दोन्ही मिळतात, पाऊण तास ते तास. हा रस्ता ट्रेलरचा आहे, शिर्डीची वाहतूक पण यावरूनच, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी दोन तास तरी येवला सोडा. वाटेत अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात, संध्याकाळचं ऊन त्या कड्यावर फार सुरेख पडतं. अंधार पडायच्या आत हा टप्पा करा, बायका-पोरं बरोबर असतील तर नक्कीच.

मनमाडला बसस्टँड आणि स्टेशन जवळ जवळ आहेत. गाडीला वेळ असेल आणि भूक लागली असेल तर गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे, लंगर असतो, डोकं झाकून जा, कुणी जात विचारत नाही. पाणी मात्र बरोबर ठेवा, मनमाडची पाणीटंचाई जुनी आहे.

आणि प्लॅटफॉर्मवर बसलात की हे पण आठवा. १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला याच मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेतल्या, दलित कामगारांची परिषद झाली होती, अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं ते इथंच म्हणाले. गँगमन म्हणून ऊन-पावसात रूळ सांभाळणारी आपली माणसं होती ती, ज्या रुळांवरून आपण आता एसीत झोपून जातो. त्याची एखादी मोठी पाटी स्टेशनात सहज दिसेल अशी असायला पाहिजे असं मला वाटतं.

पुढं नागपूरकडं निघालात की चाळीसगाव लागतं. विदर्भने गेलात तर मध्यरात्र झालेली असेल, जागे असाल तर बघा. १९२९ ला बाबासाहेब इथं उतरले तेव्हा टांगेवाल्यांनी महाराला बसवायला नकार दिला, मग वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला, त्याला सवय नव्हती, पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला, घोडा-टांगा तर खाली नदीत पडला. बॅरिस्टर होऊन आलेला माणूस. ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय.

कधी जायचं

१३ ऑक्टोबरला येवल्याला खूप मोठी गर्दी असते, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं, लांबलांबून आलेली माणसं. एकदा तरी तो दिवस बघावा. पण त्या दिवशी वरचा एक दिवसाचा प्लॅन चालणार नाही, एसटी खचाखच असते, रस्त्यावर बंदोबस्त, गाड्या लांबच उभ्या कराव्या लागतात. त्या दिवशी जायचं असेल तर आदल्या दिवशी नाशिक करून रात्री मुक्काम, आणि सकाळी पहिल्या एसटीने येवला. शांतपणे बसायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला कुठलाही साधा वार, फक्त ६ डिसेंबरच्या आगेमागे सोडून, कारण तेव्हा मुंबईकडं येणाऱ्या सगळ्या गाड्या भरलेल्या असतात.

येवला आणि नागपूर जोडून करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, नागपूरला १४ ऑक्टोबरलाही लोक येतात आणि दसऱ्यालाही येतात, आणि दसरा दरवर्षी तारीख बदलतो. तेव्हा तुम्हाला दोन्हीपैकी कुठल्या दिवशी दीक्षाभूमीवर असायचंय ते आधी ठरवा आणि मग मनमाड-नागपूरचं तिकीट ६० दिवस आधी, सकाळी आठला खिडकी उघडल्या उघडल्या काढा. नाहीच मिळालं तर रेल्वे या दिवसांत जादा गाड्या सोडते, त्याची घोषणा थोडी उशिरा होते, साधारण आठ-दहा दिवस आधीपासून रोज एकदा बघत राहा, आणि जादा गाडी मनमाडला थांबते की नाही ते बघूनच बुक करा.